ताटाच्या कडेला सरकवलेला तुकडा

त्याने तो तुकडा टाकला नाही. थुंकला नाही, तोंडही वेडंवाकडं केलं नाही. एक घास चावला, कसाबसा गिळला, उरलेला तुकडा चमच्याने ताटाच्या कडेला सरकवला आणि हळूच म्हणाला, "उग्र आहे." रानडुकराच्या फऱ्याचं मांस होतं, साडेतीन तास मंद आचेवर शिजलेलं, हाडापासून आपसूक सुटलेलं. शेजारी बसलेल्याने दोन तुकडे संपवून तिसरा वाढून घेतला होता. तो थांबला, रश्श्याचा वास पुन्हा एकदा नाकात ओढून घेतला आणि म्हणाला, "कसला उग्र? मला तर काहीच येत नाही." पातेलं एक, जनावर एक, तुकडेही बहुधा एकाच स्नायूचे, आणि दोन माणसं दोन वेगळ्या पदार्थांबद्दल बोलत होती. वाद झाला नाही, विषय लगेच बदलला. पण तो "उग्र" शब्द डोक्यातून जाईना.

स्वयंपाकघरात हा शब्द फार सढळ हाताने वापरला जातो. म्हातारा नर असेल तर उग्र. चरबी टाळूला थिजली तर उग्र. तव्यावर दोन मिनिटं जास्त राहिलेलं हरणाचं मांस काळजासारखं लागलं तर उग्र, आणि पोट फाडताना आतडं फुटलं असेल तरी उग्रच. आजारी माणसाने "बरं वाटत नाही" म्हणावं तसा हा शब्द आहे. खरा, पण निदानाला निरुपयोगी. आणि उपायही ठरलेला: मसाला वाढवा, व्हिनेगर ओता, रात्रभर बुडवून ठेवा. दुखणं काय ते न बघता औषधाचा डोस दुप्पट करण्यातला हा प्रकार. रानातलं मांस शिजवणाऱ्यांची निम्मी मेहनत त्या मांसाची चव झाकण्यात जाते, आणि मग प्रश्न पडतो की झाकायचंच होतं तर ते आणलं कशाला?

बहुतेक वेळा गोष्ट भांड्याच्या खूप आधी बिघडलेली असते.

जिवंत स्नायूचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या आसपास असतो. जनावर मेलं की रक्त थांबतं, प्राणवायू थांबतो, पण स्नायूत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, तशीच असते. तिचं हळूहळू लॅक्टिक आम्ल होतं आणि दिवसभरात सामू साधारण 5.5 पर्यंत उतरतो. ही किंचित आंबट अवस्था मांसाला हवीच असते. तिच्यामुळे जंतूंची वाढ मंदावते, रंग उजळतो, पुढे मुरताना चव येते. चरता चरता, काही कळायच्या आत कोसळलेल्या हरणात हे सगळं सुरळीत पार पडतं. जखमी होऊन अर्धा तास धावलेल्या हरणाने मात्र ते ग्लायकोजेन धावण्यातच उधळलेलं असतं. आम्ल व्हायला काही उरत नाही, सामू सहाच्या वर अडकतो आणि मांस काळपट जांभळं, वरून कोरडं, बोटांना डिंकासारखं चिकटणारं राहतं. असं मांस लवकर नासतं आणि कितीही दिवस ठेवलं तरी नीट मुरत नाही. पुडक्यातून आणलेल्या तुकड्यावर "हे जनावर धावलं होतं" असं लिहिलेलं नसतं. तो गडद रंग आणि पात्याला धरून ठेवणारा चिकटपणा, एवढीच खूण. त्या हरणाची भीती ताटात उतरते असं म्हटलं तर कविता वाटेल. रसायनशास्त्राचं म्हणणं फारसं वेगळं नाही.

भीतीनंतरचा शत्रू म्हणजे ऊब. मोठ्या जनावरात, एल्क किंवा मूससारख्या कित्येक क्विंटलच्या धुडात, कातडं बाहेरून थंडगार लागतं तेव्हा खुब्याच्या हाडाशी मांस अजून कोमट असतं. तिथेच ते आतून आंबतं. वरचा थर ताजा, लाल, देखणा, आणि सुरी हाडापर्यंत गेली की कुजकट-आंबूस वासाचा भपकारा. म्हणून पोट तासाभराच्या आत रिकामं करायचं, छाती काठीने फाकवून हवा खेळती ठेवायची आणि मोठ्या जनावराच्या मांडीत हाडालगत उभा छेद द्यायचा, म्हणजे आतली ऊब बाहेर पडते. पाण्याने धुण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. ओल म्हणजे जंतूंना आमंत्रण. कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसलं की वर पातळ, चकाकती खरपी धरते, आणि तीच मांसाचं रक्षण करते. आतडं किंवा मूत्राशय फुटलंच असेल तर मात्र धुण्यापेक्षा तो डागाळलेला थर सरळ कापून फेकावा. घाईने फ्रीजरमध्ये कोंबणं हीदेखील चूकच. स्नायू ताठर होण्याआधीच 10 अंशांच्या खाली गेला तर आक्रसतो, आणि असा आक्रसलेला स्नायू पुढे कशानेच पूर्ण सैल होत नाही. काही तासांत येणारा ताठरपणा दीड-दोन दिवसांत ओसरतो, त्यानंतर 0 ते 4 अंशांत हरणाचं धड 5 ते 10 दिवस टांगून ठेवता येतं. या काळात मांसातलीच विकरं (एन्झाइम) त्याचे धागे सैल करत असतात. ताठरलेल्या अवस्थेत शिजवलेलं मांस वातड होतं, मग ते कितीही कोवळ्या जनावराचं असो.

गाठींचं प्रकरण थोडक्यात, कारण ते समजायला सोपं आणि विसरायलाही सोपं. हरणाच्या मागच्या पायांच्या आतल्या बाजूला केसांचे गडद, तेलकट झुपके असतात. माजावर आलेला नर त्यांच्यावर मुततो. कातडं काढताना त्या झुपक्यांना हात लागला आणि तोच हात मांडीला लागला की संपलं. अमेरिका खंडातल्या, रानडुकरासारख्या दिसणाऱ्या पेकरीच्या पाठीवर शेपटीच्या थोडं वर एक ग्रंथी असते. ती कातड्याबरोबर आपोआप निघते, पण कोणीतरी "ही आधी काढू" म्हणून सुरी घालतो आणि सगळी पाठ नासवतो. बीव्हरच्या गुदद्वाराजवळ पिशव्यांची जोडी असते, ती न फोडता अख्खी उचलावी लागते. मस्करॅट, रॅकून यांसारख्या लहान जनावरांच्या बगलेत आणि कमरेजवळ वाटाण्याएवढ्या पिवळट-तपकिरी गाठी चरबीत लपलेल्या असतात. त्या बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात. केस हाताळलेली सुरी आणि मांस कापायची सुरी वेगळी, एवढा एक नियम पाळला तरी अर्धी उग्रता दारातच थांबते.

आता हरणाच्या पाठीच्या पट्ट्याकडे जरा जवळून बघू. कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारा हा लांब, गोलसर स्नायू म्हणजे जनावरातल्या सर्वांत मऊ भागांपैकी एक. फळीवर ठेवला की तो गडद माणकासारखा दिसतो आणि त्याच्या एका अंगाला रुपेरी, मोत्यासारखी चमक मारणारा पापुद्रा चिकटलेला असतो. हा पापुद्रा शिजून विरघळत नाही. स्नायूंमधला कोलॅजन सत्तर-ऐंशी अंशांत तासन्‌तास राहिला की जिलेटिन होऊन रश्श्याला दाटपणा देतो. या पापुद्र्यातल्या इलॅस्टिन नावाच्या रबरी प्रथिनाला मात्र त्याचं काही सोयरसुतक नसतं. तव्यावर पडताच तो आक्रसतो, तुकड्याला धनुष्यासारखा वाकवतो, मग मध्यभाग तव्याला टेकत नाही आणि कडा करपतात. खाणाऱ्याच्या दातांत जे रबर अडकतं तेही हेच. काढायची रीत अशी: पातळ, लवचिक पात्याची सुरी एका टोकाला पापुद्र्याखाली सरकवायची, बोटभर पट्टी सोडवायची, ती कापडाने घट्ट पकडायची, आणि धार मांसाकडे नव्हे तर किंचित वर, पापुद्र्याकडे झुकवून सुरी पुढे न्यायची. सुरीचा हात चालवण्यापेक्षा दुसऱ्या हाताने पट्टी मागे ओढायची. नीट निघाली तर ती इतकी पारदर्शक असते की खालची अक्षरं वाचता यावीत. तिला लालसर मांस चिकटून आलं तर धार खाली झुकली होती. पहिल्या दोन-तीन पट्ट्या बहुतेकांच्या वायाच जातात. त्या रश्श्याच्या हाडांबरोबर टाकाव्यात, मन खट्टू करून घेऊ नये.

आणि चरबी, ती सगळी काढायची. हा सल्ला ऐकून पाळीव जनावरांचं मांस शिजवणाऱ्यांचा जीव तुटतो, कारण तिथे चव चरबीतच असते. हरणाची चरबी वेगळी असते, स्टिअरिक आम्लाने भरलेली. ती जास्त तापमानाला वितळते आणि तोंडाच्या उबेतही थिजू लागते. पहिला घास ठीक लागतो, तिसऱ्या घासाला टाळूवर मेणचट थर बसतो, आणि पाचव्या घासाला खाणारा पाण्याचा पेला उचलतो. वर थंड पाणी प्यायलं की तो थर आणखी घट्ट होतो. उलट बदकाची चरबी चांगली, पण तेही बदक धान्यावर पोसलेलं असेल तर. मासे-शिंपल्यांवर जगणाऱ्या पाणबदकाच्या चरबीला माशांचा वास येतो, आणि अशा बदकाचं कातडं चरबीसकट सोलून टाकणं हाच मार्ग. अस्वलाचंही तसंच: बोरं-फळं खाऊन हिवाळ्याला टेकलेल्या अस्वलाची पांढरीशुभ्र चरबी खारी बिस्किटं भाजायला वापरतात, सामन मासे खाल्लेल्याची चरबी कोणी जवळही करत नाही. जनावर काय खात होतं याची नोंदवही म्हणजे त्याची चरबी.

चरबी काढल्यावर जे उरतं ते अगदी कोरडं, दोन-तीन टक्के स्निग्धांशाचं मांस. इथून पुढे चुकीला माफी नाही. अडीच-तीन इंच जाडीचा पट्टा तासभर आधी बाहेर काढायचा, कोरडा पुसायचा, किलोला 12 ते 15 ग्रॅम मीठ लावायचं. जाड बुडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा. तुकडा टाकल्यावर जो आवाज येतो तो तडतड असायला हवा. सूं-सूं ऐकू आलं तर तवा गार आहे किंवा मांस ओलं आहे, आणि आता ते भाजलं न जाता स्वतःच्या पाण्यात उकडणार. प्रत्येक बाजूला दीड-दोन मिनिटं, मग आच उतरवून लोण्याचा गोळा टाकायचा, तो फेसाळला की चमच्याने वरून ओतत राहायचा. मध्यभागी 52 अंश दिसले की उतरवायचं. झाकण न ठेवता दहा मिनिटं विसावू द्यायचं, तेवढ्यात आतलं तापमान आपण होऊन 55-56 वर जातं. 63 च्या पुढे गेलं की चित्र पालटतं. धागे आवळतात, रस तव्यात येतो, लालसर गाभा राखाडी होतो आणि जिभेवर काळजाची, लोखंडाची चव उतरते. रानातल्या जनावराच्या स्नायूत मायोग्लोबिन, म्हणजे मांसाला लाल रंग देणारं लोहयुक्त प्रथिन, जास्त, म्हणजे लोहही जास्त. तापलेलं लोह उरल्यासुरल्या स्निग्धांशाला खवट करतं. त्याच कारणाने काल शिजवलेलं हरणाचं मांस आज गरम केलं की जास्त उग्र लागतं. ज्याला आपण जंगलाची चव म्हणतो तिचा मोठा भाग असा, सात-आठ अंशांच्या निष्काळजीपणाचा असतो.

पण हे 55 अंश सगळ्यांना लागू नाहीत, आणि इथे थट्टा नको.

2022 मध्ये अमेरिकेत साउथ डकोटात एका कुटुंबाचे नातेवाईक जमले. काळ्या अस्वलाचं मांस होतं, 45 दिवस फ्रीजरमध्ये ठेवलेलं. भाज्यांबरोबर सळईवर भाजलं. अस्वलाचं मांस मुळातच इतकं गडद की शिजलं की नाही हे रंगावरून कळेना. काहींनी खायला सुरुवात केल्यावर ते कच्चं असल्याचं लक्षात आलं आणि पुन्हा भाजायला गेलं. सहा जणांना ट्रायकिनेला या कृमीची बाधा झाली. त्यांपैकी दोघांनी अस्वल चाखलंही नव्हतं, फक्त त्याच सळईवरच्या भाज्या खाल्ल्या होत्या. डुकराच्या मांसातला ट्रायकिनेला उणे 15 अंशांत तीन आठवडे ठेवला की मरतो. थंड प्रदेशातल्या अस्वलांत आढळणाऱ्या त्याच्या जाती गोठण्याला दाद देत नाहीत. तेव्हा अस्वल, रानडुक्कर, वॉलरस, प्यूमा अशा मांस खाणाऱ्या किंवा सर्वभक्षी जनावरांना एकच नियम: मध्यभागी 71 अंश, टोकदार थर्मामीटरने मोजलेले, दोन-तीन ठिकाणी. रंगावर, रसाच्या रंगावर, बोटाने दाबून बघण्यावर, जुन्याजाणत्यांच्या शब्दावर विसंबायचं नाही. या मांसांचा पट्टा भाजून खाण्याचा हट्टच सोडावा. फरा, मांडी, मान घ्यावी आणि ती मंद शिजवावी, त्यात सुरक्षितता आणि चव दोन्ही एकाच वाटेने येतात.

गंमत म्हणजे अस्वलाचं काळीज, म्हणजे यकृत, हा आणखी वेगळा मामला आहे. दर्यावर्दी बॅरेंट्सच्या मोहिमेतले डच खलाशी 1596-97 च्या हिवाळ्यात आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्या बेटाच्या बर्फात अडकले होते. त्यांनी ध्रुवीय अस्वलाचं काळीज खाल्लं, आजारी पडले, आणि तिघांच्या अंगाचं कातडं डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघालं. कारण कळायला तीनशेहून अधिक वर्षं गेली: सील खाऊन जगणाऱ्या या प्राण्याच्या काळजात अ जीवनसत्त्वाचा इतका साठा असतो की माणसाला ते विषच. आणि दुसऱ्या टोकाला ससा. त्याच्यात विषारी काही नाही, पण तो इतका कोरडा की उत्तरेकडच्या प्रदेशात फक्त सशांवर दिवस काढणारी माणसं पोट फुटेस्तोवर खाऊनही खंगत. स्निग्ध पदार्थ नाहीत, आणि नुसत्या प्रथिनांचा युरिया करण्याची यकृताची क्षमता मर्यादित. आर्क्टिक प्रवासी स्टेफान्सनने याबद्दल लिहून ठेवलं आहे. रानाची थाळी समतोल असते हा समज शहरातच टिकू शकतो.

बुडवून ठेवण्याबद्दल लोक भांडतात. व्हिनेगर किंवा वाइन एका रात्रीत मांसात काही मिलिमीटरच जाते, आत खोलवर शिरतं ते फक्त मीठ. आम्ल जास्त झालं तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला जसाच्या तसा राहतो. म्हणजे एका तुकड्यात दोन बिघाड. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ घालून सहा ते आठ तास ठेवलेला ससा किंवा फेझंट (कोंबडीच्या कुळातला रानपक्षी) यापेक्षा कितीतरी चांगला शिजतो. ताकात ठेवण्याची पद्धत त्यातल्या त्यात सौम्य, रक्ताचा उरलासुरला वशट वास ती काढते. पण एक धोका कोणी सांगत नाही. शिशाच्या गोळीचे कण जखमेपासून वीतभर किंवा त्याहूनही दूर उडालेले असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि आम्लात शिसं जास्त विरघळतं. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं काळं-निळं मांस सढळपणे कापून टाकायचं आणि तसल्या तुकड्याला व्हिनेगर दाखवायचंही नाही. कॅलिफोर्नियाने 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदीच केली, आता तिथे तांब्याच्या वापरतात.

चव कशी लागते हे सांगण्याची वेळ आली की सगळे "कोंबडीसारखं" म्हणून मोकळे होतात. मगर कोंबडीसारखी, साप कोंबडीसारखा, बेडूक तर आहेच. यात आळस आहे, पण थोडं तथ्यही आहे: हे सगळे प्राणी क्षणभर झेप घेणारे, त्यांच्या स्नायूंत मायोग्लोबिन कमी, मांस पांढरं. दिवसभर उडणाऱ्या कबुतराची छाती गडद लाल, आणि चालणाऱ्या, गरजेपुरतं फडफडणाऱ्या फेझंटची छाती फिकट, पाय गडद. म्हणजे चव विचारायची असेल तर आधी जनावर दिवसभर काय करतं ते विचारावं. डार्विनने दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात याच्या उलट केलं. 1833-34 मध्ये पोर्ट डिझायरच्या मुक्कामात जहाजावरच्या चित्रकाराने एक ऱ्हीआ, शहामृगासारखा न उडणारा पक्षी, मारून आणला. नेहमीच्याच ऱ्हीआचं पिल्लू असेल असं समजून तो शिजवला, खाल्ला, आणि मग डार्विनला आठवलं की आपण ज्या दुसऱ्या, लहान जातीच्या शोधात कित्येक महिने आहोत ती हीच. डोकं, मान, पाय, पंख, मोठी पिसं आणि कातड्याचा बराचसा भाग तेवढा उरला होता. त्यावरूनच 1837 मध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने त्या पक्ष्याला डार्विनचं नाव दिलं. एका जातीची नोंद ताटातल्या उष्ट्यावरून व्हावी याचं हसू येतं. प्रवासी कबुतराचं तसं नाही. उत्तर अमेरिकेत ही कबुतरं पिंपात भरून रेल्वेने शहरांत जात आणि अगदी स्वस्त मिळत. शेवटचं कबूतर 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्याचं मांस गडद आणि कोरडं असणार एवढं अंदाजाने सांगता येतं. चव आता कोणालाच सांगता येणार नाही. विरळा प्राणी ताटात घेऊन त्याचं छायाचित्र काढणाऱ्यांबद्दल मनात जी अढी बसते ती इथूनच. हरीण, रानडुक्कर, ससा जिथे मुबलक आहेत आणि कायद्याने मारता येतात तिथे ते खाण्यात काही गैर वाटत नाही. पण "हे अजून खाल्लं नव्हतं" एवढंच कारण पुरेसं असेल तर ती भूक नव्हे, यादी पुरी करण्याची हौस.

या सगळ्यात मनापासून आवडलेला पदार्थ विचाराल तर रक्तात शिजवलेला रानससा. सोलताना हातमोजे हवेतच, कारण सशांमार्फत टुलरेमिया हा जिवाणूंचा आजार माणसाला होतो. काळजावर पांढरे ठिपके दिसले तर अख्खा ससा टाकून द्यायचा, मोह नको. छातीच्या पोकळीत साठलेलं रक्त वाटीत काढून त्यात लगेच चमचाभर व्हिनेगर ढवळायचं, नाहीतर पाच मिनिटांत त्याच्या गुठळ्या होतात. पाठ वेगळी ठेवायची, तिच्यावर निळसर पापुद्र्याचे एकावर एक दोन थर असतात, दोन्ही काढायचे. पाय आणि फरे कांदा, गाजर, ज्युनिपरची आठ-दहा फळं आणि तांबड्या वाइनमध्ये तीन तास. पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे. रटरट उकळी फुटली की मांसाचे दोरे होतात. शेवटी आच बंद करायची, वाटीतल्या रक्तात आधी पळीभर गरम रस्सा घालून त्याला ऊब द्यायची आणि मग ते धारेने पातेल्यात ओतत ढवळायचं. सुरुवातीला भीती वाटेल असा लालभडक रंग पसरतो. मिनिटभरात तो विटकरी, मग तपकिरी, आणि अचानक वितळलेल्या चॉकलेटसारखा काळपट, चकचकीत होतो, पळीच्या पाठीला चिकटून राहतो. यानंतर पुन्हा उकळी आणलीत तर रक्त फाटून त्याचा रवा होईल आणि तो परत एकजीव होणार नाही. वास येतो तो ओल्या मातीचा, किंचित लोखंडाचा, किंचित गोड. याला उग्र म्हणावं का? म्हणायलाही हरकत नाही. पण मग हा शब्द दोष राहत नाही.

म्हणजे पुन्हा त्या दोघांच्या ताटांपाशी.

ते रानडुक्कर धावलेलं नव्हतं, वेळेत थंड झालं होतं, आतडं शाबूत होतं, 71 च्या बरंच पुढे शिजलं होतं आणि तरी मऊ होतं. एकेक संशयित सोडून देत गेलं की उरतं ते जनावरच: वयात आलेला नर, हिवाळ्याच्या तोंडावर, माजाच्या दिवसांत मारलेला. अशा नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य साठतं. गार मांसाला त्याचा वास जवळजवळ येत नाही, चरबी तापली की ते हवेत सुटतं. आणि नाकांचं म्हणाल तर, या एका वासाबाबत ती एकसारखी नाहीत. नाकात गंध ओळखणाऱ्या एका ग्राहीचं (रिसेप्टरचं) जनुक माणसागणिक वेगळं असतं. 2007 मध्ये हे सिद्ध झालं. त्यामुळे कोणाला हे द्रव्य घाम आणि मुतारीसारखं लागतं, कोणाला गोडसर, फुलासारखं, आणि कित्येकांना अजिबात लागत नाही. पहिला नाजूक नव्हता, दुसरा भसाड्या जिभेचा नव्हता. कापायच्या आधी त्याच जनावराच्या चरबीचा सुपारीएवढा तुकडा गरम तव्यावर टाकून घरातल्या तीन-चार जणांना हुंगायला दिला असता तर कळलं असतं. एकट्या स्वयंपाक्याने हुंगून चालत नाही, तो स्वतःच न येणाऱ्यांपैकी असू शकतो. आणि तसा नर पदरी पडलाच, तर चरबी कच्ची असतानाच पूर्ण सोलून काढायची, शिजलेला फरा त्याच रश्श्यात रात्रभर गार करायचा आणि सकाळी वर थिजलेला पांढरा थर उचलून फेकायचा. वास शंभर टक्के जात नाही, पण त्यातला मोठा वाटा त्या थराबरोबर निघून जातो.

त्या दिवशी तसं कोणी केलं नव्हतं. पातेल्यात तेलकट तवंग बोटभर होता आणि सगळे त्याच्याकडे बघून "काय सुंदर तर्री आलीय" म्हणत होते. जेवण संपत आल्यावर शेजाऱ्याने कडेला सरकवलेल्या त्या तुकड्याकडे बोट दाखवून विचारलं, "घेऊ का हा?" पहिल्याने ताट त्याच्याकडे ढकललं. त्याने तुकडा तर्रीत बुडवून खाल्ला, आणि पहिला त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.